आवाज येतो, चित्र नाही: टीव्हीच्या बॅकलाईटबद्दल मदत हवी

कृष्णाकाठची:
सासऱ्यांच्या खोलीतला ४३ इंची एलईडी टीव्ही परवापासून रुसलाय. रिमोटचं बटण दाबलं की कंपनीचं नाव क्षणभर उजळतं आणि पडदा काळा होतो. आवाज मात्र व्यवस्थित येत राहतो, चॅनलही बदलतात. त्याआधी काही आठवडे पडद्याच्या खाली डावीकडे एक पांढराफटक गोल ठिपका दिसत होता. त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

वॉरंटी संपून जमाना झाला. सेवा केंद्राचा माणूस येऊन गेला, मागचं झाकणसुद्धा न उघडता म्हणाला, "पॅनल गेलाय." खर्च असा सांगितला की त्यात थोडी भर घातली तर नवा टीव्ही येईल, आणि तेच करा असं सुचवूनही गेला. सासरे सध्या बातम्या नुसत्या ऐकतात आणि मॅच असली की शेजारी जातात. मी शाळेत विज्ञान शिकवते, मल्टीमीटर वापरता येतो, पण टीव्ही कधी उघडलेला नाही. खरंच पॅनल गेला असेल का? आम्ही साताऱ्यात राहतो.

धूमकेतू:
नवा घ्या. आजकाल दुरुस्तीत काही राम नाही.

रंकाळा_रिपेअर:
ओ ताई, थांबा जरा. नवा घ्यायची घाई करू नका. आज रात्री एक काम करा. खोलीत पूर्ण अंधार करा, टीव्ही चालू करा, आवाज यायला लागला की मोबाईलची बॅटरी पडद्याला अगदी चिकटवून तिरकी मारा. मेनू उघडून ठेवा, म्हणजे मोठी अक्षरं शोधायला सोपी जातात. अंधुक का होईना, अक्षरं किंवा माणसं हलताना दिसली तर पॅनल ठणठणीत आहे, मागची बत्ती गेली आहे. काहीच दिसलं नाही तर मग पुढचं बोलू. एवढी साधी गोष्ट न करता "पॅनल गेलाय" म्हणणाऱ्याला आमच्याकडं एक खास शब्द आहे, पण इथं लिहिला तर प्रतिसाद उडेल.

कृष्णाकाठची:
केलं! मेनूची अक्षरं स्पष्ट वाचता आली. बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहराही पुसट दिसला. सासरे म्हणाले, "अगं, हा तर चालू आहे की."

रंकाळा_रिपेअर:
मग झालं. पट्टी गेली आहे. शंभरातली नव्वद अशीच येतात माझ्याकडं.

अर्धवट_इंजिनियर:
दादांचं निदान पटतंय. थोडं का आणि कसं ते लिहितो, कारण बाईंना विज्ञान येतं आणि इथे पुढे कुणीतरी शोधत येईलच.

एलसीडी पॅनल स्वतः प्रकाश देत नाही. ती काच फक्त प्रकाश अडवते किंवा सोडते. उजेड येतो तो तिच्या मागून. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो खरं तर एलसीडीच, फक्त मागे एलईडी. जुन्या सपाट टीव्हींत तिथे सीसीएफएल नावाच्या बारीक नळ्या असायच्या, त्या पेटवायला इन्व्हर्टर (जादा व्होल्टेज देणारं सर्किट) लागायचा आणि नळ्यांत पारा असायचा. ओएलईडी आणि जुन्या प्लाझ्मा संचांत मात्र प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. त्यांना बॅकलाईट नसतोच, म्हणून बॅटरीची ही चाचणी तिथे निरर्थक आहे.

आता पट्ट्या. स्वस्त आणि मध्यम टीव्हींत पडद्याच्या बरोबर मागे ॲल्युमिनियमच्या लांब पट्ट्या असतात, प्रत्येकीवर सहा, सात, आठ, दहा असे एलईडी. सगळे एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा उडाला की सगळी माळ विझायची, तसंच. बत्तीला वीज देणाऱ्या सर्किटला, म्हणजे ड्रायव्हरला, ठरावीक करंट वाहता ठेवायचा असतो. माळ तुटली की करंट वाहत नाही, सर्किट व्होल्टेज वाढवत नेतं, आणि मर्यादा ओलांडली की स्वतःच बंद होतं. ते एका-दोन सेकंदांत घडतं. पडदा चमकून काळा होण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं: एखादा एलईडी मरायला टेकलेला असतो, क्षणभर पेटतो आणि सोडून देतो. चित्र-आवाज सांभाळणाऱ्या मेन बोर्डला याचं काही सुतक नसतं, म्हणून आवाज आणि रिमोट चालू राहतात.

तुमचा पांढरा ठिपका ही पूर्वसूचना होती. प्रत्येक एलईडीवर प्रकाश पसरवणारं प्लास्टिकचं छोटं भिंग चिकटवलेलं असतं. उष्णतेने डिंक सुटतो, भिंग गळून पडतं, आणि उघड्या एलईडीचा झोत थेट एका जागी दिसतो. भिंग गळणं म्हणजे एलईडी मरणं नव्हे, पण आत किती तापतंय ते त्यावरून कळतं.

अबोली_के:
वाचनखूण साठवली. आमच्याकडे चित्र आहे पण सगळंच निळसर-जांभळं दिसतंय, लोकांचे चेहरे आजारी. हेही तेच का?

अर्धवट_इंजिनियर:
तेच, फक्त आधीचा टप्पा. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, वर पिवळट फॉस्फरचा थर. तो थर उष्णतेने खराब झाला की आतला निळा बाहेर येतो. सेटिंगमध्ये रंग कितीही फिरवा, जाणार नाही. बॅकलाईट कमी करून काही महिने निघू शकतात.

सदाशिव_निवृत्त:
थोडं अवांतर. हा निळा एलईडी बनवायला दिग्गजांची हयात गेली. लाल आणि हिरवे १९६० च्या दशकापासून होते, निळा अडून बसला होता. त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. निळा नसता तर पांढरा नाही, आणि पांढरा नाही तर आपल्या घरातले दिवे आणि टीव्ही दोन्ही वेगळे असते. आता तोच निळा अबोलीताईंच्या पडद्यावर आला आहे.

अबोली_के:
:) नोबेल विजेता रंग म्हणून बघते आता.

तपकीरगल्लीकर:
खर्चाचं बोलू. पट्ट्यांचा संच काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारापर्यंत, इंचांवर आणि मूळ की दुय्यम यावर. खरा खर्च मजुरीचा, कारण काच उतरवायची जोखीम मेकॅनिक घेतो. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला पट्ट्या सुट्या मिळतात. ऑनलाइनही मिळतात, पण मॉडेल नंबरावर विसंबून मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये कंपनी दोन-तीन प्रकारच्या पट्ट्या वापरते. आधी संच उघडा, पट्टीवर छापलेला नंबर वाचा, लांबी मोजा, एलईडी मोजा, प्लग कुठल्या बाजूला आहे बघा. शिवाय एलईडी ३ व्होल्टचा आहे की ६ व्होल्टचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. ३ च्या जागी ६ बसवला तर एकूण व्होल्टेज दुप्पट लागेल आणि सर्किट पुन्हा झोपेल. दुकानदार "चालतंय की" म्हणेल. त्याचं काय जातंय.

कृष्णाकाठची:
खूप आभार. उघडण्याआधी मोजता येईल का की पट्टीच गेली आहे, बोर्ड नाही? उगाच काच उतरवायची नाही मला.

रंकाळा_रिपेअर:
येतंय की. पण आधी जिवाचं ऐका. प्लग काढला तरी पॉवर बोर्डवरचा जाडजूड कपॅसिटर भरलेला असतो. आपल्या २३० व्होल्टचं आत सव्वातीनशे व्होल्ट डीसी होतंय, पीएफसी (आत येणारी वीज सुधारणारं सर्किट) असलेल्या संचात चारशेच्या आसपास. प्लग काढून थोडं थांबा, मग त्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर मीटर लावून बघा. व्होल्टेज शिल्लक असेल तर होल्डरमध्ये साधा पिवळा बल्ब लावून त्याच्या वायरींनी उतरवा. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडायची मर्दुमकी नको.

बोर्डवर एक जाड रेघ किंवा मोकळा पट्टा दिसेल. त्याच्या अलीकडं मेनची, म्हणजे घरच्या २३० व्होल्टची बाजू, तिकडं चालू स्थितीत हात न्यायचा नाही, काही झालं तरी. बत्तीचा प्लग बहुतेक संचांत पलीकडं असतो, एलईडी प्लस, एलईडी मायनस असं छापलेलं असतंय.

अर्धवट_इंजिनियर:
मोजायची पद्धत: मीटर डीसीवर, रेंज मोठी ठेवा. काळी वायर मेनपासून अलग असलेल्या बाजूच्या जमिनीला, म्हणजे संचाच्या धातूच्या पत्र्याला, क्लिपने आधीच अडकवा. मग फक्त लाल पिन एका हाताने एलईडी प्लसवर. दुसऱ्याला टीव्ही चालू करायला सांगा आणि आकडा बघा.

व्होल्टेज झपकन वर चढून लगेच खाली आलं, तर सर्किट जिवंत आहे आणि माळ तुटली आहे. (एखादा कनेक्टर सैल असला तरी असंच दिसतं, तो आधी तपासा.) व्होल्टेज चढलंच नाही, पुरवठ्याच्या १२ किंवा २४ वरच बसून राहिलं, तर दोन शक्यता. मेन बोर्डकडून "बत्ती लाव" असा हुकूम येत नाही, तो बीएल-ऑन असं लिहिलेल्या पिनवर मोजता येतो. किंवा ड्रायव्हरचाच भाग गेला आहे: मॉस्फेट, डायोड, फुगलेला कपॅसिटर. आणि व्होल्टेज चढून टिकलं, तरी पडदा काळा? मग मायनसच्या बाजूला बघावं लागतं.

एकच बोर्ड असलेल्या स्वस्त संचांत हे सगळं दाटीवाटीने असतं, पिन घसरू देऊ नका.

गृहलक्ष्मी_उवाच:
इथे एका बाईंना चारशे व्होल्टजवळ जायला शिकवताय? मेकॅनिक बोलवा ना सरळ.

कृष्णाकाठची:
काळजीबद्दल आभार, पण पन्नास पोरांना प्रयोगशाळेत सांभाळणं याहून धोक्याचं असतं. मेनच्या बाजूला जाणार नाही, कबूल.

शंकासुर:
सगळं वाचलं. एक शंका: हे व्होल्टेज कमी-जास्त झाल्याने होतं ना? आमच्या गावात लाइट सारखी येते-जाते. स्टॅबिलायझर लावला तर पट्ट्या वाचतील?

अर्धवट_इंजिनियर:
पट्ट्या नाही वाचणार. टीव्हीचा पुरवठा साधारण १०० ते २४० व्होल्टपर्यंत सहज सांभाळतो आणि पट्टीला आतून ठरलेलाच करंट देतो. लाइट येताना जो झटका बसतो त्याने पॉवर बोर्ड जाऊ शकतो, त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर चांगला. पट्टी मरते ती उष्णतेने आणि जादा करंटने. दुकानात शेजारच्या टीव्हीपेक्षा झगझगीत दिसावा म्हणून कारखान्यातूनच बॅकलाईट शंभरावर येतो, आणि घरी कुणी तो हलवत नाही. त्यात कमी एलईडी लावून जास्त उजेड काढायचा, म्हणजे पैसे वाचतात. माझं स्पष्ट मत आहे की हा दोष वापरणाऱ्याचा नाही, आखणीचा आहे.

धूमकेतू:
म्हणूनच म्हटलं, नवा घ्या. :)

अर्धवट_इंजिनियर:
नव्यातही तेच आहे हो.

ग्राहकहित:
सेवा केंद्राने न उघडता पॅनल सांगितलं, यावर: लेखी अंदाजपत्रक मागा, त्यात दोष नेमका काय ते लिहून द्यायला सांगा. बोलणं एकदम मवाळ होतं. दाद घ्यायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राईट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टलही सुरू केलं आहे.

रंकाळा_रिपेअर:
त्या पोराचंही ऐका जरा. कंपनी त्याला सुटी पट्टी देतच नाही, आख्खा पॅनल देते. त्यानं काच उतरवून फोडली तर पगारातनं जाणार. तो कशाला अंगावर घेईल?

कृष्णाकाठची:
मोजलं. नवऱ्याने रिमोट धरला. व्होल्टेज ९० च्या वर गेलं आणि लगेच घसरून २४ वर स्थिरावलं. कनेक्टर काढून घालून बघितला, फरक नाही. म्हणजे माळ तुटली आहे, बरोबर?

अर्धवट_इंजिनियर:
बरोबर. ड्रायव्हर बिचारा प्रामाणिक आहे.

रंकाळा_रिपेअर:
आता काच उतरवायचं काम. ताई, हे एकट्यानं करायचं नसतंय. ४३ इंचाची काच पातळ असते आणि स्वतःच्या वजनानं वाकते. दोघं लागतात, चारही कोपऱ्यांना आधार पाहिजे. काचेच्या कडेला पिवळसर-तपकिरी पातळ रिबिनी असतात, त्यांच्यावर चिप असते. ती रिबिन एकदा ओढली, चिरली की संपलं. ती पुन्हा चिकटवायला बाँडिंगचं मशीन लागतंय. माझ्याकडं लोक घरी उघडून आणतात त्यात पट्टी नवी असते आणि रिबिन फाटलेली. मग मीही काही करू शकत नाही.

क्रम सांगतो. संच पालथा ठेवायला गादी नको, सपाट टेबलावर स्वच्छ चादर. मागचं झाकण, मग टीकॉनकडं (काचेला चित्र पुरवणारा छोटा बोर्ड) जाणारी केबल कुलूप उघडून काढा. नंतर संच सुलटा करून पुढची फ्रेम, काही संचांत स्क्रू, काहींत नुसत्या खाचा. काच दोघांनी उचलून सपाट जागी, वर काही ठेवायचं नाही, लेकरं आणि मांजर खोलीबाहेर. त्याखाली दोन-तीन पारदर्शक शीट आणि एक जाड पांढरी पाटी. शीटचा क्रम आणि वरची-खालची बाजू बदलू द्यायची नाही. कोपऱ्याला खुणा करा, फोटो काढा. बोटांचे ठसे आणि धूळ राहिली तर कायम पडद्यावर दिसणार, हातमोजे घाला आणि पंखा बंद ठेवा. मग पांढरा कागद काढला की खाली पट्ट्या.

तपकीरगल्लीकर:
पट्ट्या तपासायला एलईडी टेस्टर घ्या किंवा कुणाकडून मागून आणा. शून्य ते तीनशे व्होल्ट आपोआप सांभाळतो, प्रत्येक एलईडी वेगळा लावून बघता येतो. पिना एकमेकींपासून आणि बोटांपासून लांब ठेवा, उघड्या टोकांवर पूर्ण व्होल्टेज असतं. मीटरच्या डायोड रेंजवर ३ व्होल्टचा एलईडी कधी कधी मिणमिणतो, ६ चा नाही.

अबोली_के:
एकच एलईडी गेलाय तर तेवढाच बदलता येत नाही का? संच कशाला?

रंकाळा_रिपेअर:
येतंय. गरम पाटीवर पट्टी ठेवून एलईडी उचलायचा, नवा बसवायचा. पण बाकीचे त्याच वयाचे आहेत. महिन्याभरात दुसरा गेला की काच पुन्हा उतरवायची, आणि गिऱ्हाईक मलाच शिव्या घालणार. शिवाय नवा एलईडी जास्त पांढरा दिसतो, ठिगळ कळतंय. आख्खा संचच घाला. आणि जुनी पट्टी काढल्यावर पत्रा स्पिरिटनं पुसून मगच नवी चिकटवा. पट्टी पत्र्याला नीट टेकली नाही तर उष्णता जायला वाट नाही, ती वर्षभरसुद्धा काढणार नाही.

कृष्णाकाठची:
काच उतरवायचं धाडस आम्ही केलं नाही. इथलेच एक ओळखीचे मेकॅनिक घरी आले, मी आणि नवरा मदतीला. पट्ट्या तीन, प्रत्येकीवर आठ एलईडी, ३ व्होल्टचे. मधल्या पट्टीवरचा एक एलईडी काळा ठिक्कर, आणि खालच्या पट्टीवर एकाचं भिंग गळून कोपऱ्यात पडलेलं. तोच तो पांढरा ठिपका. चोवीस एलईडी गुणिले ३ म्हणजे ७२ व्होल्ट लागणार, आणि सर्किट ९० पार गेलं होतं, तेव्हा हिशेब जुळला. हे उदाहरण नववीच्या पोरांना देणार आहे. पट्ट्यांचा नंबर वाचून पुण्याहून मागवल्या, बसवल्या, आणि टीव्ही चालू आहे. एकूण खर्च नव्या टीव्हीच्या दहाव्या भागाच्या आसपास.

मेकॅनिक म्हणत होते, "करंट कमी करून देऊ का?" आम्ही तूर्त नको म्हटलं. ते काय प्रकरण आहे?

अर्धवट_इंजिनियर:
अभिनंदन! करंट कमी करणं म्हणजे ड्रायव्हरजवळ करंट मोजणारे अगदी कमी ओहमचे दोन-तीन रेझिस्टर समांतर असतात, त्यातला एक काढायचा. तीन सारखे असतील आणि एक काढला, तर करंट दोन तृतीयांश होतो. समांतर रोधाचं गणित तुम्हाला सांगायला नको. उजेड थोडा कमी होतो, उष्णता बरीच कमी होते. जाणकार मेकॅनिक करत असेल तर चांगलंच आहे, चुकीचा रेझिस्टर काढला तर मात्र बोर्ड जाईल.

त्याआधी फुकटचा उपाय करा. सेटिंगमध्ये बॅकलाईट शंभरावरून पन्नास-साठवर आणा. विव्हिड किंवा डायनॅमिक मोड बंद, स्टँडर्ड किंवा सिनेमा ठेवा. एक घोळ सांभाळा: जुन्या मेनूंमध्ये ब्राइटनेस म्हणजे काळ्या रंगाची पातळी, बत्तीशी तिचा संबंध नाही. काही नव्या संचांत मात्र ब्राइटनेस म्हणजेच बत्ती, आणि काळ्यासाठी ब्लॅक लेव्हल वेगळी.

कृष्णाकाठची:
केलं, पंचावन्नवर ठेवलं. सासऱ्यांना फरक कळला नाही. पोराला लगेच कळला, त्याने गुपचूप परत शंभर केलं होतं.

रंकाळा_रिपेअर:
त्याला सांगा, पुढची पट्टी त्याच्या खाऊच्या पैशातनं.

सदाशिव_निवृत्त:
जुन्या पट्ट्या आणि बोर्ड ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, टीव्ही त्यात येतो. जमा करणारे केंद्र जवळ नसेल तर मेकॅनिककडेच द्या, सुटे भाग त्याच्या कामाला येतात.

शंकासुर:
शेवटची शंका, आईशप्पथ. माझ्या टीव्हीवर उजेड छान आहे, पण वरपासून खालपर्यंत एक बारीक हिरवी उभी रेघ आली आहे. पट्टी मागवू का?

रंकाळा_रिपेअर:
नको ओ! उजेड आहे म्हणजे बत्ती चांगली आहे. उभी रेघ ही काचेच्या कडेच्या रिबिनीची किंवा काचेचीच भानगड. मेनू उघडून बघा, रेघ मेनूवरूनही जाते का. जात असेल तर सेट टॉप बॉक्सचा दोष नाही. टीव्हीच्या वरच्या-खालच्या कडा दाबून बघू नका, लोक दाबतात आणि एकाच्या चार रेघा करून आणतात. एकच बारीक रेघ असेल तर आहे तसा वापरा. वाढायला लागली तर पॅनलचा भाव विचारा, तिथं मात्र त्या सेवा केंद्रवाल्याचं बरोबर ठरंल.